क्रूझचा वरखर्च : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

शलाका_ठाणे

गेल्या ऑक्टोबरात (२०२४) आम्ही सहाजण भूमध्य समुद्रात सात रात्रींच्या क्रूझला जाऊन आलो. मी, नवरा, दोन पोरं (१३ आणि ९) आणि आई-बाबा. बोटीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण काढायचं नाही, हिशेब काढायचाय.

तिकीट काढताना वाटलं होतं, राहणं-खाणं-फिरणं सगळं आलं, आता हात धुवून मोकळे. शेवटच्या रात्री खोलीच्या दाराखालून बिल सरकलं. १,२८५ युरो. त्या दिवसाच्या भावानं एक लाख सतरा हजार रुपये. वर कार्डाचा परकीय चलनाचा साडेतीन टक्के अधिभार, तो घरी आल्यावर कळला.

फोड अशी:

टिप : मोठ्यांना रोज १२ युरो, मुलांना ६. सात दिवसांचे ४२०. ही रक्कम आपोआप लागते, कोणी विचारत नाही.
रोमला जायला बोटीची बस, सहाजणांचे ४१०. गाइड नाही, काही नाही, नुसती बस.
दोन फोनांचं वायफाय १८०.
रात्रीच्या जेवणातलं पाणी आणि मुलांची थंड पेयं १३०. हो, पाणी! बुफेत यंत्रातलं पाणी फुकट, पण रात्री टेबलावर बसलं की बाटली विकत.
गेम पार्लर ८५. कार्ट्यांना खोलीचं कार्ड दिलं ही आमची चूक.
फोटो ६०. आई-बाबांचा छान आला होता, सोडवेना.

यात आम्ही दारूचा थेंब घेतला नव्हता, हे लक्षात घ्या. बाबा घेतात, पण युरोतले भाव बघून त्यांनी आठवडाभर चातुर्मास पाळला.

आता पुढच्या वर्षी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. बहीण ऑर्लंडोला असते. तिथून पोर्ट कॅनाव्हरल तासाभरावर आणि जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या बोटी तिथून सुटतात. या वेळी आधी वरखर्च मोजायचा, मग तिकीट बघायचं असं ठरवलंय. टिपेपासून सुरुवात केली. साध्या खोलीला माणशी रोजचे २०२५ चे दर : कार्निव्हल १६ डॉलर, डिस्ने १६, सेलिब्रिटी १८, रॉयल कॅरिबियन साडेअठरा, नॉर्वेजियन २०. आम्ही सहा, रात्री सात, म्हणजे कार्निव्हलवर ६७२ आणि नॉर्वेजियनवर ८४०. नुसत्या टिपेत १६८ डॉलरचा फरक.

पुढचं गणित सुटेना. दारूची पॅकेजं, वायफाय, खासगी बेटं, 'फुकट' म्हणून काय काय लिहिलंय. जाणकारांनी उजेड पाडावा.

टेक्सासचा_तात्या

अकरा क्रूझ झाल्या, बहुतेक गॅल्व्हेस्टनहून. मास्तरकी करायचा परवाना आहे असं समजून लिहितो.

पहिलं, तुमची तुलना टिपेवर अडलीय. टिप हा वरखर्चातला सगळ्यात प्रामाणिक आकडा. आधी कळतो, सगळ्यांना सारखा. खरी मेख 'फुकट' या शब्दात असते. नॉर्वेजियन तिकिटाबरोबर दारूचं पॅकेज 'फुकट' देते. मग त्या पॅकेजच्या छापील किमतीवर २० टक्के सेवाशुल्क लावते. ते माणशी रोज वीस डॉलरच्या वर जातं. म्हणजे फुकट दारू पिणारे नवरा-बायको सात दिवसांत तीनशे डॉलर मोजतात, साधी टिप सोडून. दारू पीत नसाल तर ते 'फुकट' आधी काढून टाका.

दुसरं, पॅकेजचा नियम. कार्निव्हल आणि रॉयल, दोन्हीकडे एका खोलीतल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या २१ वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावं लागतं. नवरा पितो, बायको सोवळी, तरी पैसे दोघांचे. कार्निव्हलवर तर दिवसाला १५ पेयांची मर्यादा आहे. जो १५ पितो त्याला मर्यादेची नाही, डॉक्टरची गरज आहे, पण ते असो.

हिशेब सोपा आहे. रॉयलचं पॅकेज जहाज आणि तारखेप्रमाणे बदलतं. समजा ७५ डॉलर रोज पडलं, तर वर १८ टक्के धरून साडेअठ्ठ्याऐंशी. सुटं कॉकटेल १४ चं धरा, तेच १८ टक्के लावून साडेसोळा. म्हणजे रोज पाच-सहा कॉकटेलं रिचवली तर पैसे वसूल, तेही बंदरावर उतरलात त्या दिवशीसुद्धा. तुमच्या बाबांचं प्रमाण किती?

तिसरं, बोटीत चढल्यावर काहीही विकत घेऊ नका. वायफाय, पॅकेज, सगळं घरून, ऑनलाइन, आधी. बोटीवर भाव चढतो. आणि रॉयलवर आधी घेतलेलं रद्द करून पुन्हा घेता येतं. भाव उतरला की रद्द करा, नव्यानं घ्या. मी एका क्रूझला तीनदा केलंय. बायको म्हणाली, शेअर बाजारात एवढं लक्ष घातलं असतंस तर.

शलाका_ठाणे

तात्या, बाबांचं प्रमाण संध्याकाळी दोन. सणासुदीला तीन. आणि आई तुमच्या भाषेत सोवळी.

टेक्सासचा_तात्या

मग पॅकेज विसरा. दोन पेग म्हणजे ३३ डॉलर.

मीनल_सिंगापूर

अमेरिकेचा व्हिसा नाही, सुटी चारच दिवस, अशा लोकांसाठी इकडचं लिहिते. सिंगापूरहून रॉयलच्या बोटी आणि गेंटिंग ड्रीम (तेव्हा ती रिसॉर्ट्स वर्ल्ड कंपनीची होती), दोन्ही केल्यात. गेंटिंग ड्रीमवर आपल्याकडचे लोक इतके असतात की एका रात्री गरब्याची रांग डेकभर गेली होती. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय तिकिटातच, त्यासाठी वेगळा आकार नाही. रॉयलवरही मुख्य डायनिंग रूममध्ये पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगितलं तर रोज एखादी भारतीय शाकाहारी भाजी, डाळ, भात येतो, तोही फुकट. हे मेनूवर छापलेलं नसतं. माझ्या सासूबाई तीन रात्री उकडलेला ब्रोकोली खात बसल्या, चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावर डाळ दिसली!

एक वरखर्च कोणीच धरत नाही : व्हिसा. बोट सिंगापूर सोडून मलेशिया-थायलंड करून परत येते, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. शेंगेनचंही, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाचंही, तसंच. बोट मध्येच तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर एकाहून जास्त प्रवेशाचा हवा.

गणित_नको

इथे एवढे आकडे बघून मला मुंबई-गोवा बोटच बरी वाटायला लागलीय.

आबा_दापोली

मुंबई-गोवा बोट म्हणताय ती कुठली? आमच्या वेळची भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. वरखर्च म्हणाल तर हमालाचे आणि पडावाचे. बंदरात बोट धक्क्याला लागायची नाही, पडावातून किनाऱ्याला यायचं, लाट आली की अर्धं सामान भिजायचं. खाणं घरचं : दशम्या, लसणीची चटणी, कैरीचं लोणचं. पाणी तांब्यात. टेबलावरचं पाणी विकत, हे वाचून तांब्याची आठवण झाली.

गणित_नको

आबा, मी कॉर्डेलियाच्या एम्प्रेसबद्दल म्हणत होतो. २०२१ पासून मुंबईहून चालते. गंमत म्हणजे ते जहाज १९९० सालचं आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनकडेच होतं. म्हणजे शलाकाताई फ्लोरिडात जाऊन रॉयल बघणार, आम्ही रॉयलची जुनी बोट घरबसल्या बघणार.

पण एक विचारायचं होतं. टिप आपोआप कापतात, तर स्वागतकक्षात जाऊन काढून टाकता येते असं एका व्हिडिओत पाहिलं. सहाजणांचे सहाशे-सातशे डॉलर म्हणजे पन्नास-साठ हजार झाले. काढून टाकली तर?

तारवटी_पेडणे

मी लिहू का थोडं? अकरा वर्षं शिपवर आहे. आधी खोल्या, आता रेस्टॉरंट. सध्या घरी सुटीवर, दोन महिन्यांनी परत चढणार. आमच्या पेडण्यात घराआड एक तरी माणूस बोटीवर असतो.

काढता येते. बऱ्याच कंपन्यांत अजून येते. स्वागतकक्षातली मुलगी हसून काढूनही देते, तिला तसं शिकवलेलं असतं.

ते पैसे कुठे जातात ते सांगतो. तुम्हाला दोनच माणसं दिसतात, खोलीवाला आणि वेटर. आमच्याकडे वाटणी पुढेही जाते : बुफेत ताटं उचलणारा, खाली लॉन्ड्रीत चादरी धुणारा, भांडी घासणारा. तुम्ही त्यांचं तोंड कधी बघत नाही. एका खोलीची टिप काढली की माझ्या एका दिवसाला फार मोठा फरक पडत नाही, हे खरं. पण एका फेरीत ५० खोल्यांनी काढली तर पडतो. तसा एक आठवडा माझ्या लक्षात आहे.

आणि खोलीवाल्याच्या हातात शेवटच्या दिवशी वेगळे २० डॉलर ठेवून आपोआपची टिप काढणारे लोक असतात. त्यांना वाटतं, मी थेट दिले, मधले दलाल टाळले. आमच्या बोटीवर नियम असा होता की ज्या खोलीनं टिप काढली असेल तिथून हातात आलेले पैसेही जमा करायचे. त्यामुळे ते वीस त्याच्याकडे राहिले नाहीत.

मी कोणाला काढू नका म्हणत नाही. सेवा वाईट असेल तर जरूर तक्रार करा, नाव घेऊन करा.

गणित_नको

व्हिडिओवाल्याने हे सांगितलं नव्हतं. प्रश्न मागे घेतो.

विनय_नाशिक

तारवटीदादांचा मान राखून विरोध नोंदवतो. पगार देणं कंपनीचं काम. तिकिटात धरा, दर वाढवा, पण 'ऐच्छिक' म्हणून आपोआप कापायचं आणि नाही म्हटलं की प्रवाशाला पापी ठरवायचं, हे कसलं? अमेरिकी पद्धत आम्ही का उचलायची?

लंडनची_लीना

विनय, उचलायला नकोच. ब्रिटनच्या पी अँड ओ ने २०१९ मध्ये टिप बंद केली, ती भाड्यातच धरली. मारेला तर दारूसकट सगळं धरून तिकीट विकते. तिकीट वरून महाग दिसतं, पण मधे मधे कोणी खिशात हात घालत नाही. आणखी वर गेलं तर व्हायकिंग : वायफाय, जेवणाबरोबर वाइन-बिअर आणि बहुतेक बंदरांत एक सहल तिकिटात. मात्र १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, तेव्हा शलाकाच्या पोरांना बहिणीकडे सोडावं लागेल.

पी अँड ओ च्या खोलीत चहाची किटली असते. ज्यांना कळतं त्यांना कळेल.

शलाका_ठाणे

किटली!! आमची इलेक्ट्रिक किटली चढतानाच काढून घेतली. पावती दिली, उतरताना परत मिळाली. आईचा पहाटे पाचचा चहा गेला. बाबा रोज बुफे उघडायची वाट बघत दारात उभे.

टेक्सासचा_तात्या

तापणारी कुठलीही वस्तू बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत : किटली, इस्त्री. आगीची भीती असते. शिल्लक पडलेले मुद्दे पटापट :

पेयं. कार्निव्हलवर चढताना माणशी १२ कॅन थंड पेयं हातातल्या सामानात नेता येतात, रॉयलवर खोलीमागे १२. नॉर्वेजियन नेऊ देत नाही. डिस्नेवर थंड पेयं डेकवर फुकट असतात, म्हणून डिस्नेचं अवाढव्य तिकीट वाटतं तेवढं अवाढव्य नसतं. वाटतं त्याच्या जवळपास असतं.

रूम सर्व्हिस. रॉयलवर सकाळचा साधा नाश्ता फुकट, बाकी वेळी प्रत्येक ऑर्डरीला आठेक डॉलर आणि वर १८ टक्के. पोरांना फोनचं बटण दाखवू नका.

बेट. रॉयलचं कोकोके म्हणजे त्यांचं खासगी बेट. किनारा, पोहण्याचा तलाव, साधं जेवण तिकिटात. मोठ्या घसरगुंड्यांचा वॉटरपार्क वेगळा, बीच क्लब वेगळा. घसरगुंडीचा भाव तारखेनुसार हलतो, आणि माणशी आकडा बघून हसू येईल असा नसतो. ९ वर्षांचं पोर सोबत असेल तर हा खर्च टळणार नाही, आत्ताच धरून ठेवा.

फोन. बोट सुटली की विमान मोड. बोटीवरचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर बिलाचं वायफायशी नातं राहणार नाही. एकच वायफाय घ्या, आळीपाळीनं वापरा.

डॉक्टर. बोटीवरचा दवाखाना फुकट नाही. आपला भारतातला साधा मेडिक्लेम तिथे कामाचा नाही. प्रवासविमा, तोही वय ७० च्या पुढचं मान्य करणारा. यात काटकसर करायची नाही.

आणखी एक. २०२४ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे जाहिरातीतल्या भाड्यात कर आणि बंदरशुल्क धरूनच आकडा दाखवावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांनी तो सगळ्या अमेरिकेत लागू केला. म्हणून जुन्या ब्लॉगांत वाचलेली '२९९ डॉलरची क्रूझ' आता सहसा सापडत नाही. टिप मात्र अजून बाहेरच.

ग्रीसवेडा

भूमध्याचं कोणी करत असेल तर : २०२५ च्या २१ जुलैपासून ग्रीसनं बोटीतून उतरणाऱ्यांवर कर लावलाय. सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, पुढेमागे १२, थंडीत ४. एका क्रूझमध्ये दोन्ही बेटं आली तर उन्हाळ्यात सहाजणांचे २४० युरो. तिकिटात धरलाय की नंतर कापणार, हे बुकिंग करतानाच लेखी विचारा.

आणि शलाकाताई, रोमच्या त्या बसचं वाईट वाटलं. बोट लागते त्या चिवितावेक्कियाच्या स्टेशनावरून रोमला साधी लोकल एका वेळेस पाचेक युरोत जाते. सहाजणांचं जाऊन-येऊन साठच्या आसपास.

शलाका_ठाणे

माहीत होतं. पण उशीर झाला आणि बोट सुटली तर, ही नवऱ्याची भीती. बोटीची सहल असेल तर बोट थांबते, स्वतः गेलात तर थांबत नाही. त्या भीतीचे साडेतीनशे युरो.

तारवटी_पेडणे

बोट खरंच थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणारी माणसं आम्ही वरून बघतो. पण रोमला सकाळी जाऊन तीनला परत फिरणारा कोणी चुकलेला मी पाहिला नाही. चुकतात ते धक्क्यासमोरच्या बारमध्ये बसलेले.

शलाका_ठाणे

काल रात्री घरी बैठक झाली. सगळ्यांचे आभार मानून निकाल सांगते.

रॉयल घेतोय, दोन खोल्या. टिप ७७७ डॉलर, आधीच भरून टाकणार. एक वायफाय. वॉटरपार्क फक्त पोरांचा आणि नवऱ्याचा (तो म्हणतो मुलांवर लक्ष ठेवायला). पॅकेज कोणाचंच नाही. हे सगळं ठीक होतं, पण बाबांनी तात्यांचं उत्तर वाचलं. त्यांनी जन्मभर बँकेत ऑडिट केलंय, पळवाट लगेच सापडली : नियम खोलीला आहे, कुटुंबाला नाही. म्हणून बाबा आणि नवरा एका खोलीत, दोघांची पॅकेजं. आई, मी आणि पोरं दुसऱ्या खोलीत. दोन बायकांच्या पॅकेजचे बाराशे चाळीस डॉलर वाचतात. कागदावर मांडून दाखवलं, बेरीज बरोबर होती. नवरा लगेच मान डोलवायला लागला.

आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नेताय ना? मग आपली खोली एकच. आणि पॅकेज नको. तुम्हाला रोज दोन घ्यायचे ते सुटे घ्या. रात्री बिल मला दाखवायचं."

टेक्सासचा_तात्या

म्हणजे रोजचे ३३. आईंना सांगा, रॉयलच्या ॲपमध्ये बिल दिवसभर दिसतं, रात्रीची वाट बघावी लागत नाही.

शलाका_ठाणे

बाबा विचारतायत, ते ॲप आईच्या फोनवर न टाकायची काही सोय आहे का.